पाखरे सोडून जातात ते पाणी

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणांपैकी प्रत्येकाने पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो आणि वायु, उदक, देश व काल हे चार भाव क्रमाने लिहिले की गुण मिळतात. पुढे व्यवसायात पडल्यावर त्या अध्यायाची आठवण साथीच्या दिवसांतच होते. प्रस्तुत लेखकाने मात्र गेल्या काही वर्षांत तो अध्याय पुन्हापुन्हा उघडला आणि त्याचे कारण कोणतीही साथ नव्हती. कारण होते एक सरोवर.

त्या अध्यायाचा आरंभ आठवून पाहावा. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठच्या वनात, ग्रीष्माच्या अखेरच्या दिवसांत भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. ग्रह-नक्षत्रांची, ऋतूंची आणि दिशांची विकृत लक्षणे पाहून ते अग्निवेशाला सांगतात की, लवकरच ही भूमी औषधींना रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल; तेव्हा ते गुण नाहीसे होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. जनपदाच्या नाशाची चर्चा शास्त्रकारांनी रुग्णाच्या शय्येपासून सुरू केलेली नाही, ती वनातून, नदीकाठावरून सुरू केली आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पुढे दूषित उदकाची लक्षणे येतात. गंध, वर्ण, रस व स्पर्श यांची विकृती, बुळबुळीतपणा आणि मग एक असे लक्षण की जे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही: जलचर आणि पक्षी ज्याला सोडून गेले आहेत असे पाणी.

आमच्या गोरेगावहून रिसोडमार्गे लोणार फार दूर नाही. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, लोणार बुलढाणा जिल्ह्यात; मधे वाशीम. तीन जिल्ह्यांच्या सीमा असल्या तरी सेनगाव तालुक्यातील माणसाला लोणार परके वाटत नाही. कमळजा देवीच्या नवरात्राला इकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जातात, धारेखाली स्नान करतात, दैत्यसूदनाचे दर्शन घेतात. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, अशी श्रद्धा आहे. सरोवराचे पाणी खारे का, याचे उत्तरही लोकांनी त्या असुराच्या नावातच शोधलेले आहे.

भूशास्त्र वेगळी कथा सांगते. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर झाले. पूर्वी त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे मानत. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते; परंतु त्याच्या दोन शतके आधी आईन-इ-अकबरीत लोणारचा आणि तेथे मिळणाऱ्या, काच व साबण करण्यास उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. म्हणजे हे सरोवर ‘शोधले’ जाण्याची वाट पाहत बसले नव्हते. पाणी उन्हाळ्यात आटले की काठावर क्षाराचे थर उरत आणि त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी खास नावे होती. सर्जिक्षार, यवक्षार आणि टंकण हे क्षारत्रय आपण पाठ करतो. त्यांतील सज्जीखारासारखे द्रव्य पाण्यातून आपोआप उतरत असलेली जागा आपल्या इतकी जवळ आहे, हे मात्र मला व्यवसायाची बरीच वर्षे उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ही कबुली देणे संकोचाचे आहे, परंतु माझ्यासारखे अनेक असावेत.

या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. मासे अशा पाण्यात सहसा टिकत नाहीत. सूक्ष्म शैवाल व जिवाणू मात्र भरभराटीस येतात. सरोवर हिरवे दिसते ते बव्हंशी स्पिरुलिनाच्या जातीच्या जीवांमुळे. आपल्या औषधालयांतील फळीवर स्पिरुलिनाच्या वड्यांची बाटली असते आणि ग्राहकाला ती ‘समुद्री शेवाळ’ म्हणून सांगितली जाते! समुद्र येथून शेकडो कोस दूर. तिचे एक नैसर्गिक घर रिसोडच्या पलीकडे आहे. विवराच्या उतारावर कोरडे पानझडी रान आहे. साग, निंब, बाभूळ, चिंच, सीताफळ अशी झाडे, झुडपे, वेली. मोर, चिंकारा, आणि पक्ष्यांच्या सुमारे १६० जातींची नोंद. २००० साली शासनाने या परिसराला वन्यजीव अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र चार चौरस किलोमीटरही भरत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात ते रामसर पाणथळांच्या यादीत आल्याचे जाहीर झाले. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील ते दुसरे.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते, ते वाचकांना स्मरत असेल. टाळेबंदीचे दिवस होते. रुग्ण दूरध्वनीवरून विचारत होते की हे अशुभ आहे काय. आपल्यातील काही उत्साही वैद्यांनी लागलीच जनपदोद्ध्वंसाची लक्षणे, विकृत वर्णाचे पाणी, वगैरे लिहून भ्रमणध्वनीवर फिरवले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातले, पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले आणि निष्कर्ष निघाला की, पाणी कमी होऊन क्षारता वाढल्यामुळे हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव वाढले व त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला तो वर्ण आला. थोड्याच दिवसांत वर्ण पूर्ववत झाला. शास्त्रातील लक्षणे खरी असतात. परंतु ती युक्तीने लावावी लागतात. एरवी खारे असणेच ज्या पाण्याची प्रकृती आहे, त्याची विकृती गोड्या विहिरीच्या मापाने ओळखता येत नाही. अलीकडच्या वर्षांत याच सरोवराची पातळी वाढून कमळजा देवीच्या मंदिराला पाणी लागल्याची वृत्ते आपण वाचली. सामान्य माणसाला वाटेल, पाणी वाढले, चांगले झाले. वस्तुतः गोडे पाणी जितके अधिक मिसळेल तितकी क्षारता घटणार आणि त्या क्षारतेवरच जगणारे जीव संकटात येणार. अशा पाण्यात मासे दिसू लागले तर ती आनंदाची वार्ता मानू नये. प्रकृती बदलली की व्याधी आलाच, हे वैद्याला तरी वेगळे सांगावयास नको.

आता मुख्य विषयाकडे वळतो. या सरोवरासाठी झटणारी माणसे कोण? शासकीय यंत्रणा आहे, न्यायालयाच्या आदेशांवरून नेमलेल्या समित्या आहेत, संशोधक येऊन जातात. जनहित याचिका दाखल करून वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे नागरिक आहेत. एके काळी विवराच्या तळाशी केळी वगैरेंची शेती होत असे, गावाचे सांडपाणी थेट उतारावरून खाली येत असे. या गोष्टींवर आवाज उठला तो मुख्यतः स्थानिकांच्या चिकाटीमुळे. आणि या सर्वांपेक्षा कमी दिसणारा एक वर्ग आहे: सुटीच्या दिवशी सकाळी गोण्या घेऊन निघणारी मुले-माणसे. ‘मी लोणारकर’ या नावाने एकत्र आलेली लोणारची मंडळी हे काम करीत आली आहेत. मंदिरांच्या परिसरातील प्लास्टिक, बाटल्या, पूजेचे उरलेले साहित्य उचलणे, पायवाटा व जुनी शिल्पे झाडून ठेवणे, यात्रेकरूंना हात जोडून सांगणे. यात काहीही नाट्यमय नाही. वृत्तपत्रात छायाचित्र येण्यासारखे त्याहून नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कचरा असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ-दहा वैद्य व औषध दुकानदार अशा एका सकाळच्या कामात सहभागी झालो होतो. हेतू चांगला होता. परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एकाने निंबावर चढलेल्या गुळवेलीचा चांगला अंगठ्याएवढा जाड तुकडा कापून पिशवीत टाकला. निंबावरची गुळवेल गुणाने श्रेष्ठ मानतात, त्यामुळे त्याला मोह झाला. आणि खरे सांगावयाचे तर आम्ही कोणीही त्याला अडवले नाही. उलट एकाने तो तुकडा हातात घेऊन त्याचा छेद पाहिला, चक्राकार रेषा कशा स्पष्ट आहेत त्याचे वर्णन केले. तेवढ्यात आमच्याबरोबर गोणी वाहणारा, बारावीत असेल-नसेल असा एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “काका, इथलं काही न्यायचं नसतं.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. आमच्या स्नेह्याने हसून सांगितले की, अरे, आम्ही वैद्य आहोत, हे औषधासाठी आहे. त्यावर तो मुलगा म्हणाला, “म्हणूनच तर. तुम्हाला त्याचं नाव माहीत आहे.”

तो तुकडा तेथेच ठेवून आम्ही वर आलो. परतीच्या प्रवासात गाडीत कोणी फारसे बोलले नाही. त्या मुलाच्या वाक्याचा अर्थ मला पुढे कितीतरी दिवस लागत गेला. ज्याला झाडाचे नाव ठाऊक नाही तो यात्रेकरू फार तर पिशवी टाकून जातो. नाव, गुण, बाजारभाव ठाऊक असलेला मनुष्य रानात शिरतो तेव्हा रानाला त्याचे भय अधिक.

कायद्याने तर त्या मुलाचेच बरोबर होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २९ व्या कलमान्वये अभयारण्यातून वनोपज काढून नेणे, तेथील वन्यजीवांची वा त्यांच्या अधिवासाची हानी करणे परवानगीवाचून निषिद्ध आहे. एक वेल, एक मूळ म्हणून त्यातून सूट नाही. परंतु कायदा बाजूस ठेवून शास्त्राकडे पाहिले, तरी आम्ही उघडे पडतो. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी कोणत्या भूमीवरून घ्यावी हे सांगताना चरकाचार्यांनी स्मशान, चैत्य, देवयजनाची स्थाने, वारुळे आणि ऊषर म्हणजे खारवट जमीन वर्ज्य सांगितली आहे. सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानातही देवतायतनाने व्यापलेली भूमी औषधग्रहणास त्याज्य मानली आहे. लोणारच्या विवरात काय आहे? तळाशी क्षारमय भूमी आणि चोहोकडे मंदिरे. ज्या जागेवरून औषधी घेऊ नये असे आपल्याच संहिता सांगतात, तेथे वैद्याने पिशवी उघडणे हा शास्त्राचाही भंगच होय. या निषेधामागे गुणदोषांचा विचार असेल, पावित्र्याचा असेल किंवा दोन्ही. परंतु त्याचा एक परिणाम असा की, गावोगाव देवराया, मठ-मंदिरांचे माळ व खारवट काठ वैद्याच्या कोयतीपासून वाचले. पूर्वजांनी हे जाणूनबुजून केले, असा दावा मी करणार नाही. आजकाल प्रत्येक प्राचीन वचनातून आधुनिक पर्यावरणशास्त्र काढण्याची जी हौस आहे, तिच्यापासून दूर राहणेच बरे.

हा विषय या त्रैमासिकात मांडण्याचे कारण आपला कच्चा माल होय. औषधनिर्मात्या बंधूंनी आपल्या खरेदीच्या वह्या काढून पाहाव्यात. हळदीपुरते आपण निश्चिंत आहोत. आमच्या जिल्ह्यातील वसमतची हळद तर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. अश्वगंधा, शतावरी, तुळस शेतातून मिळू लागली. परंतु गुळवेल, अनंतमूळ, बेहडा, कुडा, वावडिंग, रानातली साल आणि रानातली मुळे यांचे काय? ती कोणत्या रानातून, कोणी, कोणत्या ऋतूत काढली, याची नोंद किती जणांकडे आहे? मालाचा भाव नोंदवलेला असतो, आर्द्रता तपासलेली असते, क्वचित भेसळही पकडलेली असते. पण ‘देश’ हा रकाना रिकामा असतो. देशाचे ज्ञान नसलेल्या द्रव्याचा प्रयोग करू नये, हे शिकवणारे आपणच आहोत.

गोळा करणाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. डोक्यावर भारा घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी उभी असलेली बाई चोर नाही. तिला पोट आहे आणि आपण तिला भाव देतो. मूळ सबंध उपटले तर वजन भरते आणि अर्धे ठेवले तर पैसे अर्धे मिळतात, हे गणित आपणच तिच्यापुढे मांडले आहे. मी स्वतः अशा भाऱ्याला ‘कुठून आणलंस?’ असे कितीतरी वर्षे विचारले नाही, कारण उत्तर ऐकल्यावर माल परत करावा लागला असता.

कायद्याच्या बाजूने पाहता आपल्या व्यवसायाला अलीकडे बरीच मोकळीक मिळाली आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाखाली स्थानिक जैवसंपत्ती वापरणाऱ्या उद्योगाने लाभातील वाटा द्यावयाचा असतो. हा नियम देशी कंपन्यांना लागू आहे की नाही यावर वाद झाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो लागू असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना व लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्यातून सवलत मिळाली. आपल्या अनेक संघटनांनी तिचे स्वागत केले. खेड्यातील वैद्याला चार वनस्पतींसाठी अर्ज-दाखले करीत फिरावे लागू नये, हे योग्यच आहे. मात्र त्या स्वागताच्या ठरावांत, रानाचे आपण काय देणे लागतो याविषयी एखादे वाक्य असते तर बरे झाले असते. पैशाचा वाटा माफ झाला असेल, तर निदान हातांचा वाटा देण्यास काय हरकत आहे?

यावर मला लगेच उत्तर मिळते: “आम्ही दरवर्षी वृक्षारोपण करतो.” होय, करतो. धन्वंतरीची प्रतिमा, नारळ, खड्डा, रोप, छायाचित्र. एका ठिकाणच्या अशा कार्यक्रमाला मी तीन वर्षे उपस्थित होतो आणि तिन्ही वर्षे खड्डा तोच होता. हा विनोद नव्हे. परंतु त्याहून गंभीर बाब अशी की, अभयारण्यात झाडे लावणे हे संरक्षण नव्हेच. लोणारच्या उतारावर आवळ्याची रांग लावावी, पायथ्याशी ‘औषधी उद्यान’ करावे, अशा सूचना आपल्यातील मंडळी सद्भावनेने करीत असतात. ते विवर म्हणजे आपल्या महाविद्यालयाची द्रव्यगुण-वाटिका नव्हे. तेथे काय उगवावे हे माती, क्षार, पाऊस आणि पाखरे ठरवीत आलेली आहेत. आपले काम जे तेथले नाही ते काढण्याचे आहे. लंघन-शोधनाचे महत्त्व जाणणाऱ्या वैद्यास ही उपचारपद्धती अपरिचित नसावी. बृंहण करण्याची घाई रुग्णाच्या नातेवाइकांना असते.

जे तेथले नाही त्यात अग्रभागी आहे वेडी बाभूळ. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे तिचे शास्त्रीय नाव. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती सरपणासाठी, पडीक जमीन हिरवी करण्यासाठी भारतात आणली गेली आणि आता माळ, कालवे, तलावांचे काठ बळकावून बसली आहे. खारवट जमीन तिला मानवते, म्हणून लोणारला ती फोफावली. तिच्या दाट जाळ्याखाली गवत वाढत नाही, काठावरच्या पाखरांना उतरायला मोकळी जागा उरत नाही. शेळ्या-गुरे गोड शेंगा खातात आणि लेंड्या-शेणातून बी पसरवतात. तिला नुसते तोडून भागत नाही. बुंध्यापाशी तोडली की दुप्पट धुमारे फुटतात, कारण तिचे डोळे जमिनीखालच्या मुळाच्या मानेवर असतात. ती मान वीतभर खोल खणून काढावी लागते. मोठी झाडे वनखात्याने यंत्रे व मजूर लावून काढावीत. परंतु त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात बोटाएवढी हजारो रोपे पुन्हा उगवतात आणि ती ओल्या मातीतून मुळासकट उपटण्यास माणसांचे हातच लागतात. याच पाठपुराव्याअभावी कित्येक ठिकाणी एकदा साफ केलेली जागा तीन-चार वर्षांत पुन्हा भरून गेली.

येथे एक योग जुळून आलेला आहे. राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होत असे. २०२५ पासून शासनाने त्यासाठी २३ सप्टेंबर ही कायम तारीख ठरवली. धन्वंतरी जयंतीपासून हा दिवस तोडला म्हणून अनेक ज्येष्ठ नाराज आहेत आणि त्यांच्या भावनेशी मी सहमत आहे. तरीही मराठवाडा-विदर्भाच्या दृष्टीने ही तारीख उपयोगाची आहे. धनत्रयोदशीला पाऊस सरून जमीन घट्ट होऊ लागलेली असते, शिवाय दिवाळीत दवाखाना सोडून कोणी येत नाही. २३ सप्टेंबरला माती ओली असते, वेड्या बाभळीची त्या वर्षीची रोपे वीत-दोन वीत झालेली असतात, घाणेरी व गाजरगवत फुलावर असते, आणि काही वर्षी नवरात्रही याच सुमारास येऊन कमळजेची गर्दी व तिच्या मागचा कचरा सुरू होतो. भाषणे, प्रकृतिपरीक्षण शिबिर व काढावाटप यांसाठी दुसरा दिवस काढता येईल. हिंगोली, वाशीम, बुलढाणा आणि परभणी या चार जिल्ह्यांतील आपल्या सभासदांनी हा एक दिवस वनखात्याच्या पूर्वपरवानगीने आणि लोणारच्या स्वयंसेवकांच्या मार्गदर्शनाखाली द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. ‘मार्गदर्शनाखाली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. तेथे गेल्यावर वैद्यराज म्हणून खुर्ची मिळणार नाही.

आक्षेप येतील. वर्षातून एका दिवसाने काय होणार? फार काही नाही. म्हणूनच ज्यांना शक्य आहे त्यांनी पावसाळ्यात तीन वेळा जावे. हे शासनाचे काम आहे, असेही म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे. लोणार गावाच्या सांडपाण्याची शुद्धी, पातळी वाढण्याच्या कारणांचा शास्त्रीय शोध, अतिक्रमणे, ही कामे गोणी घेऊन आलेल्या स्वयंसेवकांची नव्हेत, आणि त्यांच्या श्रमदानाची छायाचित्रे दाखवून कोणी ती जबाबदारी टाळत असेल तर त्यालाही विरोध केला पाहिजे. दूरच्या सभासदांनी लोणारलाच आले पाहिजे असेही नाही. पैनगंगेवरील इसापूर जलाशयाचा परिसर अभयारण्य आहे, पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर आहेत, गावोगाव पाझर तलाव आहेत. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असे कायदा सांगतो. त्या नोंदवहीत वनस्पतींची स्थानिक नावे बिनचूक लिहिणे हे काम गावात वैद्यापेक्षा अधिक चांगले कोण करील? ज्या ज्ञानामुळे रानाला आपले भय वाटावे, ते ज्ञान या कामी रानाच्या बाजूने लागेल.

औषधालयांच्या मालकांकडून आणखी एक अपेक्षा आहे. खरेदीच्या वहीत एक रकाना वाढवावा: कोठून, कोणाकडून, कोणता भाग, कोणत्या महिन्यात. अभयारण्यातील म्हणून शंका येईल तो माल घेऊ नये; पण बांधावरची, निंबावर लावून वाढवलेली गुळवेल आणून देणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावेत. आमच्या दुकानात गेली दोन वर्षे हा रकाना आहे. पहिल्या सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक नोंदींपुढे ‘माहीत नाही’ असे लिहावे लागले. आता ते प्रमाण कमी झाले आहे, संपलेले नाही. माल थोडा महाग पडतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मागील हिवाळ्यात मी पुन्हा विवराच्या कडेवर उभा होतो. सकाळची वेळ, पाण्यावर धुके. काठाकडून बदकांचा आवाज येत होता, दिसत मात्र काही नव्हते. शेजारी एक स्वयंसेवक वहीत आवाजावरून नोंद करीत होता. मला कोणता आवाज कोणाचा ते कळेना, तेव्हा त्यानेच सांगितले. ज्या अध्यायात पाखरांनी सोडलेल्या पाण्याचे लक्षण आहे तो मला पाठ होता. पाखरे कोणती, हे त्याला ठाऊक होते.

येत्या २३ सप्टेंबरसाठी ज्या सभासदांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे श्रावण संपण्यापूर्वी जिल्हा शाखेकडे द्यावीत, म्हणजे वनखात्याची परवानगी वेळेत घेता येईल. जाड तळाचे बूट आणावेत. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.